फुकट सॉफ्टवेअरचा पेनड्राइव्ह : लॅपटॉपसाठी काय ठेवावं, काय उडवावं

‘लॅपटॉप स्लो झालाय, कुठलं क्लीनर टाकू?’ हा प्रश्नच उलट्या बाजूने विचारलेला आहे. लॅपटॉप मंदावण्याची कारणं मोजकीच असतात. हार्ड डिस्क शेवटच्या घटका मोजत असते, पंख्यात धूळ बसून प्रोसेसर तापत असतो, रॅम पुरत नसते, चार्जर ओळखला जात नसतो, नाहीतर चालू होतानाच डझनभर प्रोग्रॅम मागे लागलेले असतात. रजिस्ट्री (विंडोज आपल्या सेटिंग्ज ठेवतं तो साठा) साफ करून यातलं एकही कारण जात नाही. म्हणून खालची सॉफ्टवेअर निवडताना कसोटी एकच लावली आहे: ते मोजतं का? मोजून आकडा दाखवणारं सॉफ्टवेअर ठेवायचं आणि ‘१,२४७ समस्या सापडल्या, दुरुस्तीसाठी पैसे भरा’ म्हणणारं त्याच क्षणी काढून टाकायचं. आकडे हातात असले की मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत दुरुस्तीला गेल्यावर ‘मदरबोर्ड गेलाय’ हे निमूटपणे ऐकून घ्यावं लागत नाही.

सगळं विंडोज १० आणि ११ च्या लॅपटॉपना धरून लिहिलं आहे. आज्ञा इथे देवनागरीत दिल्या असल्या तरी टाईप रोमन अक्षरांतच करायच्या.

सगळ्यात आधी डिस्क : क्रिस्टलडिस्कइन्फो

एकच सॉफ्टवेअर ठेवायची मुभा असेल तर हे ठेवा. ओपन सोर्स (मूळ कोड सगळ्यांना खुला) आहे, जपानी डेव्हलपरने बनवलंय आणि वर्षानुवर्षं अद्ययावत होतंय. डाउनलोड पानावर शिझुकू, कुरेई केई अशा नावांच्या आवृत्त्या दिसतील. त्यांत ॲनिमे मुलींची चित्रं असतात आणि फाईल विनाकारण मोठी होते. आपल्याला साधी स्टँडर्ड आवृत्ती हवी, तीही झिप स्वरूपातली. ती इन्स्टॉल करावी लागत नाही, पेनड्राइव्हवरूनच चालते.

उघडल्याबरोबर डावीकडे रंगीत चौकोन दिसतो. निळा म्हणजे ठीक, पिवळा म्हणजे सावधान, लाल म्हणजे डिस्क गेली. बहुतेक जण इथेच थांबतात. खरी माहिती खालच्या तक्त्यात असते आणि तिथले आकडे मुळात हेक्साडेसिमलमध्ये (अंकांत अक्षरं मिसळलेल्या पद्धतीत) असतात, त्यामुळे वाचणारा घाबरतो. फंक्शन मेनूत ॲडव्हान्स्ड फीचर, त्यात रॉ व्हॅल्यूज, त्यात १० डेक निवडलं की आपले नेहमीचे आकडे दिसू लागतात.

जुन्या, फिरणाऱ्या हार्ड डिस्कसाठी चार ओळी बघायच्या. ०५ म्हणजे खराब निघाल्यामुळे राखीव जागेत हलवलेले सेक्टर (डिस्कवरचे छोटे कप्पे). सी५ म्हणजे वाचता न आल्यामुळे निकालाची वाट पाहत पडलेले सेक्टर. सी६ म्हणजे दुरुस्त न झालेले. या तिन्हींपैकी एकाही ओळीत शून्याऐवजी १ आला तरी चौकोन पिवळा होतो. आता एकट्या ०५ मध्ये ८ हा आकडा महिनोन्‌महिने ८ च राहिला तर ती डिस्क बिनमहत्त्वाच्या कामाला वापरता येते. तोच आकडा आठवड्याभरात ८ चा ४० झाला किंवा सी५ वाढत चालला तर त्या दिवशी फक्त डेटा बाहेर काढायचा, बाकी काही नाही. सी५ वाढलेल्या डिस्कवरची एखादी फाईल उघडताना सगळा लॅपटॉप मिनिटभर गोठतो. लोकांना ते ‘विंडोज हँग होतंय’ असं वाटतं आणि ते विंडोज नव्याने टाकतात. चार दिवसांत पुन्हा तेच.

चौथी ओळ सी७. हा आकडा डिस्कचा दोष सांगत नाही, डिस्क आणि बोर्ड यांच्यामधल्या जोडणीचा सांगतो. सी७ वाढतोय आणि बाकी तिन्ही ओळी शून्य आहेत, म्हणजे आतली पट्टी (केबल) किंवा कनेक्टर सैल आहे. पट्टी काढून नीट बसवली की काम होतं, नवी डिस्क घ्यावी लागत नाही. जुना सी७ मात्र शून्यावर परत येत नाही. तो पुढे वाढत नाही ना, एवढंच पाहायचं.

एनव्हीएमई एसएसडीचा (फिरता भाग नसलेल्या, चिपवाल्या डिस्कचा) तक्ता वेगळा असतो. तिथे ‘पर्सेंटेज यूज्ड’ म्हणजे कंपनीने धरलेल्या आयुष्यापैकी किती खर्च झालं ते. ते १०० झालं म्हणून डिस्क त्याच दिवशी बंद पडत नाही, आकडा शंभराच्या पुढेही जातो. ‘अव्हेलेबल स्पेअर’ खाली घसरत असेल किंवा ‘मीडिया अँड डेटा इंटिग्रिटी एरर्स’ शून्य नसेल तर मात्र बॅकअप आजच घ्या. ‘अनसेफ शटडाउन्स’चा आकडा मोठा दिसला तर लॅपटॉप वारंवार बटण दाबून किंवा बॅटरी संपून बंद झालेला आहे, एवढंच समजायचं.

सेकंडहँड लॅपटॉप घेणाऱ्यांना तर हे सॉफ्टवेअर वरदानच आहे. ‘पॉवर ऑन अवर्स’ १४,००० दाखवत असेल आणि विकणारा ‘वर्षभर वापरलाय, तोही घरीच’ म्हणत असेल तर गणित सोपं आहे: वर्षाचे एकूण तासच ८,७६० होतात. उलट फसवणूकही होते, कारण डिस्क नवी टाकली की तास शून्यापासून सुरू होतात. म्हणून बॅटरीचा अहवाल सोबत बघावा.

एक उणीव: यूएसबीने जोडलेल्या काही बाहेरच्या डिस्क यात दिसत नाहीत. केसमधली चिप ‘स्मार्ट’ची (डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते त्या नोंदीची) माहिती पुढे पाठवत नाही, त्याला सॉफ्टवेअरचा इलाज नाही.

बॅटरी : काही टाकायची गरजच नाही

कमांड प्रॉम्प्ट (आज्ञा टाईप करायची काळी खिडकी) उघडून ‘पॉवरसीएफजी /बॅटरीरिपोर्ट’ ही आज्ञा द्यायची. अहवाल कुठे साठवला ते तिथेच छापून येतं, ती फाईल ब्राउझरमध्ये उघडायची. डिझाइन कपॅसिटी ४१,००० आणि फुल चार्ज कपॅसिटी २४,६०० असेल तर बॅटरीत ६० टक्के दम उरलाय. सायकल काउंटच्या जागी काही लॅपटॉप नुसती रेघ दाखवतात, तिकडे लक्ष देऊ नका. टक्केवारी ३० वरून एकदम बंदवर उडी मारत असेल तर बॅटरी एकदा पूर्ण उतरवून सलग पूर्ण चार्ज करून बघा. तरीही उडी मारली तर आतला एखादा सेल गेलेला असतो.

हेच आकडे खिडकीत चालू स्थितीत बघायचे तर निरसॉफ्टचं बॅटरीइन्फोव्ह्यू आहे. चांगलं आहे, पण हौसेचं. कायम चार्जरला लावून ठेवणाऱ्यांनी त्यापेक्षा कंपनीचं स्वतःचं फुकट ॲप टाकावं: लेनोवोचं व्हँटेज, असूसचं मायअसूस. त्यात चार्जिंग ८० टक्क्यांच्या आसपास थांबवण्याची सोय असते आणि बॅटरीचं आयुष्य खरोखर त्यानेच वाढतं.

टचपॅड वर उचलला गेलाय, क्लिक होत नाही, झाकण नीट मिटत नाही, अशी तक्रार असेल तर ड्रायव्हर शोधत बसू नका. खाली बॅटरी फुगलेली असते. लॅपटॉप बंद करा, चार्जर काढा, बॅटरी बदलून घ्या. तिला टोचणं किंवा दाबून बसवणं म्हणजे आगीला आमंत्रण.

एचडब्ल्यूइन्फो : तापमान आणि एक भलतंच निदान

पहिल्यांदा उघडलं की शेकडो ओळी अंगावर येतात. दिसायला हे सॉफ्टवेअर रुक्ष आहे, पण याच्या तोडीचं दुसरं फुकट मिळत नाही. सुरुवातीच्या खिडकीत ‘सेन्सर्स ओन्ली’वर खूण करून पुढे जा. चार रकाने दिसतील: आत्ताचा, किमान, कमाल आणि सरासरी. लॅपटॉपवर नेहमीचं काम वीस मिनिटं करा आणि मग कमालचा रकाना वाचा.

लॅपटॉपचा प्रोसेसर कामाच्या भरात ८५-९० अंशांपर्यंत जाणं नवलाचं नाही. नुसतं डेस्कटॉपवर उघडं ठेवल्यावरही ७० च्या वर असेल तर काहीतरी बिघडलंय. त्याहून महत्त्वाची ओळ ‘थर्मल थ्रॉटलिंग’ची. तिथे ‘येस’ आलं म्हणजे प्रोसेसर जीव वाचवण्यासाठी स्वतःचा वेग कमी करतोय. तिच्या जवळच ‘पॉवर लिमिट एक्सीडेड’ नावाची ओळ असते, तिथला ‘येस’ बघून घाबरू नका. लॅपटॉपमध्ये तो नेहमीच येतो.

थ्रॉटलिंग ‘येस’ असेल तर कारण दहातल्या नऊ वेळा धूळ असते, तीही पंख्याच्या पात्यांवर नाही. पंखा आणि तांब्याच्या पट्ट्यांची जाळी यांच्यामध्ये धुळीचा नमद्यासारखा घट्ट थर बसतो आणि हवा बाहेरच पडत नाही. बाहेरून ब्लोअर मारला की हा थर तुटून आतच फिरतो. मागचं झाकण उघडायचं, सगळ्यात आधी बॅटरीचा कनेक्टर काढायचा, पंखा बोटाने धरून ठेवायचा आणि मग थर चिमट्याने ओढून काढायचा. पंखा धरला नाही तर हवेच्या झोतात तो बेफाम फिरतो आणि त्याचं बेअरिंग जातं. थर्मल पेस्ट (चिपची उष्णता ओढून नेणारा लेप) बदलणार असाल तर डेस्कटॉपसारखा मधोमध ठिपका ठेवून भागत नाही. लॅपटॉपची चिप उघडी असते, तिच्या सगळ्या पृष्ठभागावर पातळ थर पसरावा लागतो. कोपरा कोरडा राहिला तर तेवढाच कोअर (प्रोसेसरचा एक भाग) तापतो आणि एचडब्ल्यूइन्फोत एकाच कोअरचं तापमान बाकीच्यांपेक्षा पंधरा-वीस अंशांनी जास्त दिसतं.

आता ते भलतं निदान. लॅपटॉप अचानक गोगलगाय झालाय, माऊस अडखळतोय, तापमान मात्र फक्त ४५. डिस्क निळी, रॅम भरपूर मोकळी. एचडब्ल्यूइन्फोत कोअर क्लॉक (प्रोसेसरचा वेग) बघा. तो ४०० ते ८०० मेगाहर्ट्‌झच्या मध्ये कुठेतरी खिळलेला असेल तर संशय चार्जरवर घ्या. डेलच्या गोल पिनेच्या चार्जरमध्ये मधोमध सुईसारखी बारीक पिन असते. ‘मी अमुक वॅटचा अस्सल चार्जर आहे’ ही ओळख तिच्यातून पोचते. ती वाकली, तुटली किंवा चार्जर नकली असला की लॅपटॉप चार्जरवर विश्वास ठेवत नाही, प्रोसेसरचा वेग पाडतो आणि बॅटरीही चार्ज करत नाही. चालू करताना ‘ॲडॅप्टरचा प्रकार ओळखता आला नाही’ अशा अर्थाचा संदेश येतो, तो आपण एंटर मारून घालवतो. चार्जर काढून बॅटरीवर चालवून बघा. बऱ्याचदा वेग लगेच परत येतो आणि मग दुरुस्ती चार्जरच्या किमतीत किंवा जॅकच्या किमतीत होते. या दुखण्यावर विंडोज नव्याने टाकलेले लॅपटॉप किती असतील!

ऑटोरन्स आणि प्रोसेस एक्सप्लोरर

दोन्ही सिसइंटर्नल्स संचातली. मार्क रुसिनोविच आणि ब्राइस कॉग्सवेल यांनी १९९६ मध्ये सुरू केलेलं हे काम २००६ मध्ये मायक्रोसॉफ्टने विकत घेतलं आणि तरी फुकटच ठेवलं. मायक्रोसॉफ्टच्या साइटवरूनच घ्या.

टास्क मॅनेजरच्या स्टार्टअप टॅबमध्ये दिसतं ते वरवरचं. ऑटोरन्स सर्व्हिसेस, शेड्यूल्ड टास्क, ड्रायव्हर, एक्सप्लोररला चिकटलेले तुकडे सगळं उघडं पाडतं. ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवा आणि ऑप्शन्समध्ये ‘हाइड मायक्रोसॉफ्ट एंट्रीज’ निवडा, म्हणजे यादी वाचता येण्याइतकी लहान होते. पिवळ्या ओळींमागची फाईल आता जागेवर नाही, त्या जुन्या अनइन्स्टॉलच्या खुणा. गुलाबी ओळींना निर्मात्याची खात्रीशीर सही नाही, त्या तपासाव्यात. प्रत्येक गुलाबी ओळ व्हायरस नसते हेही खरं. ओळ डिलीट करू नका, डावीकडची खूण फक्त काढा. चुकलं तर परत लावता येते. रिअलटेक, सिनॅप्टिक्स, इलान, इंटेल ही नावं दिसली तर हात लावू नका, आवाज आणि टचपॅड त्यांच्याच जिवावर चालतात.

प्रोसेस एक्सप्लोररमधली एकच गोष्ट सगळ्यांना लागेल: वरच्या पट्टीतलं नेमबाजीच्या खुणेसारखं चिन्ह. ते माऊसने ओढून त्रास देणाऱ्या खिडकीवर सोडलं की ती खिडकी कोणत्या प्रोग्रॅमची आहे ते यादीत उजळतं. उजव्या कोपऱ्यात सारखी येणारी ‘तुमच्या संगणकात ५ व्हायरस’ ही पाटी बहुतेक वेळा क्रोमची निघते. कधीतरी एखाद्या साइटला ‘अलाऊ’ म्हटलेलं असतं. क्रोमच्या सेटिंग्जमध्ये साइट सेटिंग्ज, त्यात नोटिफिकेशन्स, तिथून ती साइट काढली की विषय संपला. त्यासाठी अँटिव्हायरस विकत घ्यायची गरज नाही.

सफाईवाले

विझट्री ठेवा. एनटीएफएस (विंडोजची नेहमीची मांडणी) डिस्कवरचा फाईलींचा मुख्य तक्ता ते थेट वाचतं, त्यामुळे इतरांना काही मिनिटं लागतात ते काम सेकंदांत होतं. घरगुती वापराला फुकट आहे, ऑफिसात परवाना लागतो. तिथे ओपन सोर्स विनडरस्टॅट वापरा. जागा कुणी खाल्ली ते कळल्यावर डिलीट काय करायचं हे मात्र डोकं वापरून ठरवा. ‘विनएसएक्सएस’ फोल्डर मोठा दिसतो, त्याला अजिबात हात लावायचा नाही. ‘विंडोज डॉट ओल्ड’ डिस्क क्लीनअपमधून काढता येतो. ‘हायबरफिल’ नावाची फाईल साधारण रॅमच्या ४० टक्के असते. हायबरनेट वापरत नसाल तर ‘पॉवरसीएफजी /एच ऑफ’ या आज्ञेने ती जाते. सोबत फास्ट स्टार्टअपही जातं, ज्याचं दुःख करू नये. शटडाउन करूनही वायफाय, ब्लूटूथचे हट्टी दोष का जात नाहीत, त्याचं कारण हे फास्ट स्टार्टअपच असतं. शटडाउनमध्ये विंडोजचा गाभा डिस्कवर तसाच झोपवला जातो, खरी नवी सुरुवात फक्त रीस्टार्टने होते.

ब्लीचबिट ओपन सोर्स आहे, ब्राउझर आणि तात्पुरत्या फाईलींची सफाई नीट करतं. ‘फ्री डिस्क स्पेस’ पुसण्याच्या पर्यायावर मात्र खूण करू नका, तासन्‌तास चालतं आणि एसएसडी नाहक झिजते. सीक्लीनरबद्दल लोक अजून विचारतात. २०१७ मध्ये त्याच्या ५.३३ या ३२-बिट आवृत्तीत कंपनीच्याच सर्व्हरवरून मालवेअर घुसलं होतं आणि सुमारे २२.७ लाख संगणकांवर ते पोचलं. तो दोष लगेच दुरुस्त झाला, तरी आज ते टाकायला कारण उरलेलं नाही. विंडोजमधलं स्टोरेज सेन्स तेवढंच काम करतं. रजिस्ट्री क्लीनर कोणत्याही नावाचा असो, नको.

ड्रायव्हर अपडेटरांचंही तेच. लॅपटॉपच्या तळाचा सिरीयल नंबर कंपनीच्या साइटवर टाकला की अचूक ड्रायव्हर मिळतात. कंपनीने पान काढून टाकलेल्या जुन्या मॉडेलसाठीच स्नॅपी ड्रायव्हर इन्स्टॉलर ओरिजिन वापरावं. ओपन सोर्स आहे, जाहिराती नाहीत. मूळचं नाव साधं ‘स्नॅपी ड्रायव्हर इन्स्टॉलर’ असलेलं वेगळं, ‘ओरिजिन’ शब्द असलेलंच घ्या.

निळा स्क्रीन

निरसॉफ्टचं ब्लूस्क्रीनव्ह्यू मिनीडंप फोल्डर (विंडोज कोसळल्याच्या नोंदी) वाचून कोणत्या वेळी काय कोसळलं ते सांगतं. जुनं आहे, अजून चालतं. ते बऱ्याचदा ‘एनटीओएसकर्नल’कडे बोट दाखवतं. तो विंडोजचा गाभा आहे, गुन्हा त्याच्या अंगणात घडतो एवढंच. एकाच ड्रायव्हरचं नाव दर वेळी येत असेल तर तो ड्रायव्हर. दर वेळी नवीन नाव, नवीन कोड येत असेल तर रॅम तपासा.

रॅमसाठी मेमटेस्ट८६+ हे ओपन सोर्स आहे. पासमार्कचं मेमटेस्ट८६ वेगळं. त्याची फुकट आवृत्ती चार फेऱ्यांवर थांबते, पण सिक्युअर बूट (खात्रीची सही नसलेलं काही चालू होऊ न देणारं कुलूप) बंद न करता चालते, त्यामुळे नवख्यांना तेच सोयीचं. निदान एक पूर्ण फेरी होऊ द्या, रात्रभर लावून ठेवलं तर उत्तम. एक लाल ओळ आली तरी रॅम नापास, ‘एकच तर चूक आहे’ ही सबब इथे चालत नाही. नापास झाल्यावर लगेच नवी आणू नका. दोन पट्ट्या असतील तर एकेक काढून, सोनेरी कडा पुसून, वेगवेगळ्या खाचेत लावून पुन्हा तपासा. कोकणातल्या दमट हवेत नुसत्या कडा पुसूनच सुटलेले बरेच लॅपटॉप आहेत.

रॅम पास झाली आणि डिस्क निळी असेल, तरच विंडोजच्या फाईलींकडे वळायचं. आधी ‘डीआयएसएम /ऑनलाइन /क्लीनअप-इमेज /रिस्टोरहेल्थ’ आणि मग ‘एसएफसी /स्कॅननाऊ’. क्रम उलटा केला तर एसएफसी बिघडलेल्या साठ्यातूनच फाईल उचलतं. डीआयएसएम ६२.३ टक्क्यांवर अडकल्यासारखं दिसतं, खिडकी बंद करू नका, पुढे सरकतं. आणि डिस्क पिवळी असताना ‘चेकडिस्क /आर’ चालवू नका. सगळी डिस्क घासून वाचायला लावणारी ही आज्ञा मरायला टेकलेल्या डिस्कचा शेवटचा दमही काढते.

स्क्रीन काळाच असेल तर अर्थात सॉफ्टवेअर कुठलं चालवणार! चार्जर काढा, बॅटरी निघत असेल तर काढा, पॉवर बटण ३० सेकंद दाबून धरा, मग फक्त चार्जरवर चालू करा. पंखा फिरतोय पण चित्र नाही, तर मोबाइलचा टॉर्च स्क्रीनवर तिरका धरा. पुसटसं चित्र दिसलं तर बॅकलाइट गेलाय. तेही दिसलं नाही तर एचडीएमआयने टीव्हीला जोडा. टीव्हीवर दिसतंय म्हणजे बोर्ड शाबूत, बिघाड पॅनेलमध्ये किंवा बिजागरीत दबलेल्या पट्टीत. झाकण थोडं पुढेमागे केल्यावर चित्र येत-जात असेल तर पट्टीच.

व्हेंटॉय : सगळं एका पेनड्राइव्हवर

३२ जीबीचा पेनड्राइव्ह पुरतो. व्हेंटॉय एकदा टाकलं (त्यात पेनड्राइव्ह कोरा होतो) की पुढे आयएसओ फाईली (पूर्ण सिस्टिमची एकत्र बांधलेली प्रत) फक्त कॉपी करायच्या. चालू करताना यादी येते, हवी ती निवडायची. विंडोज ११, लिनक्स मिंट (विंडोजऐवजीची फुकट ऑपरेटिंग सिस्टिम), मेमटेस्ट आणि डिस्कची प्रतिमा काढणारं रेस्क्यूझिला एवढं ठेवलं की झालं. वर सांगितलेल्या झिप फाईलीही त्याच पेनड्राइव्हवर मावतात. सिक्युअर बूट चालू असेल तर पहिल्यांदा निळी पाटी येते; तिथे ‘एनरोल की फ्रॉम डिस्क’ निवडून व्हीटॉयईएफआय भागातली की नोंदवायची. यावर एक आक्षेप आहे: सोर्समध्ये आधीच बांधलेल्या बायनरी (माणसाला वाचता न येणाऱ्या) फाईली आहेत, त्या कशा बनल्या ते सहज तपासता येत नाही. हे ज्यांना खटकतं त्यांनी रूफस घ्यावं. त्याच्यात एका वेळी एकच आयएसओ मावते, पण विंडोज बनवताना ऑनलाइन खात्याची सक्ती काढण्याचीही सोय आहे.

पेनड्राइव्हवरून चालू करण्यासाठी डेल, लेनोवो, एसरला एफ१२, एचपीला एस्केप आणि मग एफ९, असूसला एस्केप. एसरमध्ये एफ१२ चालत नसेल तर एफ२ ने बायोसमध्ये (विंडोजच्या आधी चालणाऱ्या सेटिंग्जच्या पानावर) जाऊन तो मेनू आधी चालू करावा लागतो.

मात्र बायोसमध्ये काहीही बदलण्याआधी बिटलॉकरची (विंडोजच्या डिस्क-कुलपाची) ४८ आकडी रिकव्हरी की मोबाइलवर किंवा कागदावर लिहून घ्या. मायक्रोसॉफ्ट खात्याने सुरू केलेल्या नव्या लॅपटॉपवर एन्क्रिप्शन न विचारताच चालू झालेलं असतं, मालकाला पत्ताही नसतो. सिक्युअर बूट बंद केलं की पुढच्या वेळी निळी पाटी ती की मागते. खात्यात साइन इन केलं की ‘डिव्हाइसेस’मध्ये ती सापडते, ते खातं कॉलेजच्या किंवा जुन्या ऑफिसच्या ईमेलचं असेल आणि आता उघडत नसेल तर डेटा गेला म्हणून समजा.

इंटेलच्या ११ व्या पिढीपासूनच्या अनेक लॅपटॉपवर विंडोज टाकताना डिस्कच दिसत नाही. डिस्क मेलेली नसते. व्हीएमडी नावाची सोय चालू असते आणि तिचा ड्रायव्हर इन्स्टॉलरकडे नसतो. कंपनीच्या साइटवरून इंटेल आरएसटीचा ड्रायव्हर उघडून पेनड्राइव्हवर ठेवा आणि ‘लोड ड्रायव्हर’ दाबा. बायोसमधून व्हीएमडी बंद करूनही डिस्क दिसते, पण आधीचं विंडोज वाचवायचं असेल तर तसं करू नका, ते चालूच होणार नाही.

गेलेल्या फाईली

टेस्टडिस्क आणि फोटोरेक ही जुळी भावंडं, क्रिस्टोफ ग्रेनिए यांची, ओपन सोर्स. पार्टिशनच (डिस्कचा सी, डी असा भाग) नाहीसं झालं असेल तर टेस्टडिस्क: ॲनलाइझ, क्विक सर्च, आणि सापडलेल्या पार्टिशनवर ‘पी’ दाबून आतल्या फाईली दिसतात का ते बघा. दिसल्या तर आधी दुसऱ्या डिस्कवर कॉपी करा, ‘राइट’ नंतर. फोटोरेक फाईली त्यांच्या खुणांवरून खणून काढतं, मात्र नावं आणि फोल्डर परत मिळत नाहीत. लग्नाचे चार हजार फोटो आकड्यांच्या नावाने हाती येतात, ते लावत बसणं नशिबी येतं. फाईल गेली त्या डिस्कवर काहीही टाकू नका, रिकव्हरी सॉफ्टवेअरसुद्धा नाही. एसएसडीवरून डिलीट झालेलं मात्र बहुधा मिळत नाही. ट्रिम आज्ञेनंतर डिस्क तो मजकूर आतूनच पुसते, त्यामुळे ‘शंभर टक्के रिकव्हरी’ विकणाऱ्या पैसेवाल्या सॉफ्टवेअरलाही तिथे काही सापडत नाही. टकटक आवाज करणाऱ्या हार्ड डिस्कला कोणतंही सॉफ्टवेअर लावू नये, तिथून पुढे काम लॅबचं.

विंडोज १० वर अडकलेल्यांसाठी : लिनक्स मिंट

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा आधार संपला. वाढीव सुरक्षा योजनेत नाव नसेल तर अपडेट येत नाहीत, आणि इंटेलच्या ८ व्या पिढीआधीचे बहुतेक लॅपटॉप विंडोज ११ च्या यादीत बसत नाहीत. ४ जीबी रॅमच्या अशा लॅपटॉपसाठी मिंटची एक्सएफसीई आवृत्ती चांगली आहे. २२ मालिकेला २०२९ पर्यंत अपडेट आहेत. फिरणारी हार्ड डिस्क तशीच ठेवून मिंट टाकलं तर मात्र फार फरक पडत नाही, आधी सॅटा एसएसडी बसवा.

टॅली किंवा श्रीलिपी, आयएसएम ही मराठी टायपिंगची सॉफ्टवेअर यांवर पोट असलेल्यांनी या वाटेला जाऊ नये, ती विंडोजचीच सॉफ्टवेअर आहेत. बाकीच्यांचं ब्राउझर आणि लिबरऑफिसवर भागतं. मराठी टायपिंगसाठी आयबसमध्ये (लिनक्समधली भाषा-टायपिंगची सोय) एम१७एनचं पॅकेज टाकलं की फोनेटिक आणि इनस्क्रिप्ट मिळतं, गमभनची सवय असलेल्यांना ती मांडणीही त्यातच सापडते.

टाकण्याआधी पेनड्राइव्हवरून लाइव्ह (इन्स्टॉल न करता) चालवून वायफाय, आवाज, ब्राइटनेसच्या कळा आणि झाकण मिटल्यावर झोपून पुन्हा जागं होणं, एवढं तपासा. ब्रॉडकॉमची वायफाय चिप असेल तर लाइव्हमध्ये बऱ्याचदा नेटवर्क दिसत नाही. मोबाइल केबलने जोडून यूएसबी टेदरिंग चालू करा, ड्रायव्हर मॅनेजर उघडा आणि त्याने सुचवलेला ब्रॉडकॉमचा ड्रायव्हर टाका. त्यानंतरही वायफाय आलं नाही तर यूएसबीला लावायचा छोटा वायफाय डाँगल घ्यावा, त्यात लिनक्सचा आधार असल्याचं खोक्यावर लिहिलंय ना ते पाहून.